चावीशिवायही पुसता येतं

भाऊ गेला, पण त्याच्या आवाजाच्या काही फाइल्स आमच्या ओतूरच्या घरातल्या एका मशीनवर राहिल्या. आजारपणात तो वहिनींसाठी फोनवर बोलून ठेवत असे : कांद्याची चाळ कधी उघडायची, बँकेत कुणाला भेटायचं. तो फोन नंतर बंदच पडला. दुसरी प्रत काढायला आणलेली डिस्क अजून खोक्यात होती.

भेटायला येणारी माणसं त्या फाइल्स लावून ऐकत बसायची. वहिनींना ते सहन होईना. "भावजी, याला कुलूप घाला," त्या म्हणाल्या.

माझं कामच ते होतं. एका मशीनवरच्या फाइल्स नेटवर्कवरून दुसरीकडे वापरता येतात, त्या व्यवस्थेचा कर्नलमधला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, भाग मी लिहितो. तेव्हा आम्ही त्यात एन्क्रिप्शन आणत होतो. वापरणाऱ्याच्या मशीनवरच फाइल कुलूपबंद व्हावी, साठवणाऱ्या मशीनला आतलं काही, नावसुद्धा, कळू नये. एका मुद्द्यावर बराच वाद झाला. चावी नसेल त्याला फाइल वाचता येणार नाही, हे ठरलेलं. पण पुसता यावी का? मी म्हणालो, यावी, नाहीतर चावी हरवलेल्या फाइल्स डिस्क अडवून बसतील. सगळ्यांना पटलं. तेवढा भाग मीच लिहिला.

भावाचं फोल्डर मी त्या व्यवस्थेत हलवलं. वहिनींच्या आतल्या खोलीतला कॉम्प्युटर सुरू झाला की मी चावी, म्हणजे एक लांबलचक पासवर्ड, द्यायचो. मग नावं नीट दिसत; तोवर नुसती अगम्य अक्षरं.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी सामान आणायला जुन्नरला गेलो होतो. बाजारात वहिनींचा फोन आला.

"भावजी, लाइट जाऊन आली. यांच्या फोल्डरात लई घाण झालीय. नावं तर कसली, नुसती येडीवाकडी अक्षरं! व्हायरस हाय जनू. घर साफ करतेच हाय, म्हणलं हेबी पुसून काढावं."

"वहिनी, हात लावू नका!"

"लावला की. अन् काळे तीळ आणा बरं का, तुमी इसरता..."

फोन कटला. परत लागेना.

एसटीत शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "पावणं, बरं वाटंना का? घाम फुटलाय." अशा प्रत्येक फाइलला स्वतःची एक गुप्त खूण असते. फाइल पुसली की तीही जाते, आणि मग चावी हातात असूनही उपयोग नसतो. हे मला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. मी भावाचा आवाज आठवून पाहिला. त्याचे शब्द आठवले, आवाज येईना. खिडकीबाहेर ऊस मागे जात होता आणि मला वाटलं, ही गाडी पोचूच नये.

वहिनी दारातच होत्या. "किती पुसल्या?" मी विचारलं.

"एक. दुसरीला ते म्हणालं, कायमचं पुसायचं का? पैल्यांदाबी म्हणालं आसंल, मी वाचलं न्हाई. कायमचं म्हणल्यावर हात उचलंना." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून, "का वो?"

ती घाण म्हणजे भावाच्याच कुलूपबंद फाइल्स, हे मी सांगितलं. मग चावी दिली. नावं परत आली. वहिनी माझ्या मागे उभ्या राहून वाचू लागल्या.

"चाळ हाय. बँक हाय. पोरीच्या शाळंचं हाय..." शेवटपर्यंत गेल्या, पुन्हा वर आल्या. "पाण्याच्या मोटरचं न्हाई."

त्या खाली बसल्या. "तुमी ऐकलं व्हतं का ते?"

"नाही." एकही फाइल ऐकायचं धाडस मला वर्षभरात झालं नव्हतं.

"मला पाठ हाय," वहिनी म्हणाल्या. आणि भिंतीकडे बघत, भावाच्याच सावकाश लयीत बोलू लागल्या, "आगं, आधी व्होल्टेज बघायचं. काटा थरथरत आसंल तर थांबायचं. मग हिरवं बटण. वल्या हातानं न्हाई, कळलं का..."

त्या थांबल्या.

"हितं यांना खोकला आला व्हता."

तो खोकला सरेपर्यंत वहिनी गप्प राहिल्या. मग पुढचं बोलू लागल्या.