सायकलला दोन दिवे कशाला?

नेरे गावच्या शालन जाधवांना कुठलीही वस्तू अशी का, हे विचारल्याशिवाय चैन पडत नसे. त्यांची भाडेकरू जान्हवी हिंजवडीतल्या कामावरून आली, की अंधारातच सायकल घेऊन डोंगरातल्या कच्च्या वाटेला लागायची. एक झगझगीत दिवा हँडलवर, दुसरा हेल्मेटवर.

"दोन कशाला गं? येकात दिसत न्हाई व्हय?"

"तुम्हीच चालवून बघा, काकू."

शाळा सुटल्यापासून काकूंनी सायकल चालवली नव्हती. तरी त्या पदर खोचून बसल्या. आधी फक्त हँडलचा दिवा लावला. खड्डे स्वच्छ दिसले, पण वळणावर उजेड सरळ झुडपात गेला आणि वाट अंधारात राहिली. मग फक्त हेल्मेटचा लावला. मान वळेल तिकडे उजेड वळत होता, पण जमीन सगळी सपाट भासली. चाक खड्ड्यात आदळलं आणि काकू गवतात पडल्या.

जान्हवी घाबरून धावली. काकूंनी मात्र हेल्मेट काढून दिवा गुडघ्यापाशी धरला होता.

"हे बघ, खाली धरला की खड्ड्याला सावली पडतिया. डोळ्यापाशी धरला की सावली दिसतच न्हाई!"

पुढच्या महिन्यात काकूंनी स्वतःची सायकल घेतली. आता दोघी शनिवारी एकत्र निघतात. समोरून कोणी चालत आलं, की काकूच आधी उजेड कमी करतात.