घरच्यांना मुभा नाही

माझा धाकटा भाऊ तकाफुल विकायला लागला, तेव्हा दुबईच्या करामा भागातल्या आमच्या दोन खोल्यांत जणू ईदच झाली. तकाफुल म्हणजे शरियतला धरून चालणारा, व्याज नसलेला विमा. पहिलं गिऱ्हाईक मीच, आणखी कोण? इथे आल्यापासून तो आमच्याच हॉलमध्ये गादी टाकून झोपायचा, माझ्या हातची सांदणं खाऊन चांगला गुटगुटीत झाला होता. त्याने बोट ठेवलं तिथे मी सही केली आणि वर्षाचा हप्ता एकदम भरला. सख्ख्या भावाला कोणी अटी विचारतं का?

महिना उलटायच्या आतच रत्नागिरीहून फोन आला. आई न्हाणीत पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं आणि सारखं माझंच नाव घेत होती. इकडे नवऱ्याच्या कंपनीने पगार थकवलेले. "इन्शाल्ला, नेक्स्ट वीक" ऐकून ऐकून कान किटले होते. तिकिटासाठी पैसे मिळतील अशी एकच जागा दिसत होती, तो हप्ता.

मी भावाला म्हटलं, "बाबा, ते रद्द कर. मला आईकडे जायचंय."

तो एकदम गंभीर झाला. "आपा, हा साधा इन्शुरन्स नाही गं. यात आपण सगळ्यांच्या मदतीसाठी दान देतो. ते कॅन्सल कसं करणार? दिलेलं दान परत मागायचं? अल्ला काय म्हणेल?"

अल्लाचं नाव काढल्यावर मी काय बोलणार, कपाळ! उलट मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला नव्या नोकरीत रजा नव्हती, मला तिकीट नव्हतं. रमजानच्या आधी आई गेली.

पुढच्या वर्षी त्याने एका शेजाऱ्याला तकाफुल समजवायला आमच्याच हॉलमध्ये बसवलं होतं. मी चहा घेऊन गेले. शेजारी पक्का हिशेबी. म्हणाला, "और बाद में पसंद नहीं आया तो?"

"टेन्शन मत लो, हबीबी!" भाऊ हसला. "पहले महीने में कॅन्सल करो, पूरा पैसा वापस. कंपनी का रूल है."

मी ट्रे खाली ठेवला आणि शेजाऱ्याला सरळ सांगितलं, "भाईसाब, आप बाद में आना." तो बिचारा चपला शोधत निघून गेला.

"मग मला का नाही सांगितलंस?"

भावाने मान खाली घातली. "माझी पहिलीच पॉलिसी होती, आपा. रद्द झाली असती तर कमिशन गेलं असतं, नोकरीही गेली असती. आणि तू तर घरची."

घरची! म्हणून परक्याला नियम आणि मला अल्लाची भीती? "केसाने गळा कापलास रे माझा," मी ओरडले. "खाल्ल्या मिठाला तरी जागायचं होतंस!" तो रडायला लागला. मला त्याची जराही दया आली नाही, आजही येत नाही.

एक गोष्ट मात्र त्याला मी कधीच सांगितली नाही. तेव्हा फोनवर मी आईला म्हटलं होतं, पैसे दानात गेलेत, मला यायला जमत नाही. ती म्हणाली, "बरं केलंस, पोरी. दान मागे घेऊ नये. माझं काय, मी वाट बघेन."