तेरावा उतारू

माझे बाबा मालवणच्या कोर्टात शिरस्तेदार होते. निवृत्त झाले तरी कोर्ट काही त्यांच्या अंगातून गेलं नाही. सगळं गाव मालवणी बोलायचं, बाबा मात्र घरातसुद्धा कचेरीतलं मराठी. आमटी अळणी झाली की "मीठ अपुरे आहे" म्हणायचे. आई कपाळाला हात लावायची.

आमच्या घराखाली खाडीचा घाट. तिथे पलीकडे नेणारी तरीची होडी लागायची आणि पाटी होती, 'एका खेपेस बारा उतारू.' ती बाबांनीच कचेऱ्यांचे उंबरे झिजवून लावून घेतलेली. त्याआधी एका जत्रेला होडी खच्चून भरली, उलटली, माणसं कशीबशी वाचली. तेव्हापासून बारा म्हणजे बारा. एकदा तरवाल्याने खुद्द बाबांनाच तेरावे म्हणून खाली उतरवलं. बाबा भर उन्हात ताटकळले आणि खुशीत घरी आले. "नियम असा पाळावा!" म्हणाले.

त्याच पाटीने माझं लग्न अडवलं.

गोव्यात तेव्हा अजून पोर्तुगीज होते, इतकी जुनी गोष्ट. नवरामुलगा खाडीपलीकडचा, आगबोटीवर नोकरीला. मुहूर्त सकाळचा आणि मोसमातला शेवटचा. तो टळला तर पुढे चातुर्मास. आणि तुळशीची लग्नं लागेपर्यंत हा गेलेला दूरदेशी, दोन वर्षं तोंड दिसायचं नाही. मला तो आवडला होता हो! बघायला आला तेव्हा दाराआडून मीच त्याला नीट बघून घेतला होता. कानापर्यंत हसायचा.

मी गौरीहरापाशी बसलेली, खिडकीतून खाडी दिसत होती. नवरा पलीकडच्या देवळात देवाला गाऱ्हाणं घालायला थांबला होता. गाऱ्हाणं घालणारे म्हातारे कुळातल्या एकेका पूर्वजाला हाक मारत बसले. तोवर इकडे वरपक्षाची वडीलमंडळी मानाप्रमाणे होडीत बसली. तरणी पोरं त्यांना जागा देत काठावरच मागे सरली. बारा भरले, आणि मग नवरदेव बाशिंग सावरत धावत आला!

"तेरावो माणूस माझ्या होडयेत चडाचो नाय," तरवाला म्हणाला. खाडी तिथे अरुंद, शब्द न् शब्द ऐकू यायचा.

दुसरी खेप होईपर्यंत मुहूर्त संपला असता. बाकीच्या होड्या मोसम संपला म्हणून काठावर उपड्या घातलेल्या. कोणीतरी एकाने उतरायचं, बस. पण नवऱ्याचा मामा म्हणे, मी उतरलो तर मामाचा मान काय राहिला? काका म्हणे, मामा बसणार आणि मी उतरणार? झालं! बाराच्या बारा जण बसल्या जागी रुसले.

मी मुंडावळ्यांसकट उठले. "गो बाय, गौरीहरावरसून उठू नये!" आत्या ओरडली. मी घाटावर.

बाबा घड्याळ हातात धरून उभे. गावकरी त्यांच्या मागे लागलेले, "तुमी सांगा तेका. एका माणसान काय होता?" बाबांनी पाटीकडे बघितलं. चेहरा पांढरा पडला होता.

"पाटी माझी आहे," एवढंच म्हणाले.

"मग त्या पाटीशीच लावा माझं लग्न!" मी सगळ्यांसमोर ओरडले.

धपकन आवाज झाला. पलीकडे सदरा आणि बाशिंग कोणाच्या तरी हातात देऊन नवरदेव पाण्यात! एका हाताने होडीची कड धरून ओरडला, "तरवाल्यानु, मी होडयेत बसाक नाय हां!"

पोहणाऱ्याबद्दल पाटी काय म्हणते ते आठवत तरवाल्याने डोकं खाजवलं. "पोवतल्याचां पाटयेर कायच लिवलेलां नाय," म्हणाला आणि वल्हं मारलं. दोन्ही काठांवर असा हशा उठला की रुसलेले मामासुद्धा हसले.

नवरदेव निथळत घाटाची पायरी चढला. भटजी म्हणाले, खारं पाणी, शुद्धच आहे. मग सगळ्यांनी बाबांकडे बघितलं. अख्खं गाव त्यांच्या घड्याळावर आपली घड्याळं लावायचं, ते कधी मिनिटभर चुकलं नव्हतं. मी त्यांच्या कोपराजवळून डोकावले. काटा मुहूर्त ओलांडून गेला होता.

बाबांनी घड्याळ कानाला लावलं. माझ्याकडे बघितलं. मग घड्याळ खिशात टाकून भटजींना म्हणाले,

"माझां घड्याळ जरा फुडे आसा. सुरू करा."

आई बघतच राहिली. बाबा मालवणी बोलले होते!

अंतरपाट सरला तेव्हा ओल्या अंगाला वारा लागून नवऱ्याचे दात वाजत होते, तरी हसू कानापर्यंत. मी अक्षता सोडून रडायलाच लागले, आनंदाने.

दुसऱ्या दिवशी मांडवात येऊन गावकऱ्यांनी नेहमीसारखी बाबांना वेळ विचारली. बाबांनी खिशातून घड्याळ काढलं आणि काटा जराही मागे न सरकवता त्यातली वेळ सांगितली.