निळ्या कोपऱ्याचा निकाल

निलगिरीच्या तेलाचा वास आला की मला मोरिवलीचं मैदान दिसतं. जिल्ह्याच्या किताबाची बॉक्सिंग होती आणि निळ्या कोपऱ्यात बायकोचा धाकटा भाऊ होता. तिनंच त्याचे खांदे तेलानं चोळले होते, सगळ्या मांडवात तोच वास. पोरानं लाल कोपऱ्यातल्या गड्याला दोनदा खाली पाडला, तरी मुख्य पंचानं हात वर केला तो लालचा, कारण लाल त्याच्याच क्लबातला. पोरगा हातमोजे न काढताच रडला. बायको तडक पंचाकडे गेली. "साहेब, जिंकला कोण?" तो दात काढून म्हणाला, "बाई, घरी जा, भाकऱ्या थापा." पोरानं परत हातमोजे घातले नाहीत, आणि ती मरेपर्यंत त्या माणसाला शिव्या घालायची. परवा अंबरनाथला तिच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या सभेला तोच पंच आला, आता समाजाचा पुढारी, हातात पांढरी फुलं. तिच्याबद्दल दोन शब्द बोलायला उठला. मी म्हणालो, "आधी हे सांग, तेव्हा जिंकला कोण?" तो माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "निळा." मी माईक त्याच्या तोंडाला लावला. "आता मोठ्यानं बोल. तिचा फोटो लांब आहे."