बाही पुरी होईपर्यंत

शालूवन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा मी रोह्याजवळच्या वरसेच्या घरी मागच्या ओट्यावर भिजवलेले वाल सोलत बसले होते. फोन त्यांच्या मुलाचा, नितीनचा. "मामी..." एवढंच म्हणाला आणि पुढे त्याला बोलवेना. मग त्याच्या बायकोनं, रूपालीनं फोन घेतला. "मामी, आई गेल्या. चहा घेतला, जरा पाठ टेकते म्हणाल्या, आणि मी कप उचलायला गेले तर..." मी "बरं" म्हटलं. फोन ठेवला आणि उरलेले वाल सोलून पुरे केले. माणूस गेल्याचं कळल्यावर आपले हात काय करत राहतात ते आपल्यालाही उमगत नाही. मग आत जाऊन ह्यांना उठवलं. "तुमची ताई गेली हो," मी म्हटलं आणि खुंटीवरचा सदरा त्यांच्या हातात दिला. या गोष्टीला आता दीडेक महिना होईल.

शालूवन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. कासूजवळच्या आमच्या गावातून लग्न होऊन त्या पेणला रामवाडीत गेल्या. यजमानांची पिठाची गिरणी होती. घर पुढे, गिरणी मागे, आणि दोन्हींच्या मधल्या दारात स्टुलावर बसून विणणाऱ्या वन्सं. शेजारी पुण्याहून बदलून आलेल्या एका मास्तरांच्या बायकोनं त्यांना सुया धरायला शिकवलं. ती बाई दोन वर्षांत बदलून गेली, वन्संच्या हातातल्या सुया काही सुटल्या नाहीत. गिऱ्हाईक आलं की विणकाम पदरात गुंडाळायचं, दळण घालायचं, पुन्हा बसायचं. त्यांनी विणलेला कुठलाही स्वेटर पहिल्यांदा झटकावा लागे, त्यातून पीठ उडायचं.

आमच्या घरात त्या काळी काही ना काही चालूच असायचं. एकाचा साखरपुडा, दुसऱ्याची मुंज, कुणाचं नवं घर, कुणाचं केळवण. सगळीकडे वन्सं हव्यात. त्यांच्यावाचून बटाटे किती उकडायचे ते कुणाला कळत नसे. पण कोपराला अडकवलेल्या पिशवीत लोकरीचा गुंडा असायचाच, कारण या लग्नातून त्या लग्नात जाईपर्यंत कुटुंबात कुणाला तरी दिवस गेलेले असायचे. मांडवात भटजी मंत्र म्हणतायत आणि करवलीच्या मागे बसून वन्संच्या सुया चालल्यायत, हे दृश्य मी किती वेळा पाहिलं असेल! लोक हसत. पेणच्या उकाड्यात लोकरीचा स्वेटर घालणार कोण? वन्सं म्हणायच्या, "आईच्या पोटातल्या उबेतनं येतं ना ते बाहेर! त्याला काय ठाव हितं उकडतं म्हणून?"

मी या घरात आले तेव्हा मला आई नव्हती. ती मी शाळेत असतानाच गेली. हे रोह्याला एका कंपनीत होते, शिफ्टची नोकरी, राहायला एकच खोली. मला दिवस गेले तेव्हा बाळंतपण कुठे करायचं यावर घरात बरीच चर्चा झाली, आणि सगळ्यांचं बोलणं संपल्यावर वन्सं म्हणाल्या, "माझ्याकडं होईल. पेणला दवाखाना जवळ हाय." सातव्या महिन्यात मी रामवाडीत राहायला गेले. वन्संनी लगेच पोपटी लोकर काढली. मुलगा का मुलगी ठाऊक नाही, म्हणून पोपटी. माझ्या सासूबाईंना ते पसंत नव्हतं. बाळ हातात येण्याआधी त्याच्यासाठी नवं काही करू नये, असं त्या म्हणत. वन्सं ऐकून घेत आणि विणत राहत.

त्याच सुमाराला माझ्या धाकट्या दिरांचं, सुभाषभावजींचं लग्न ठरलं. गावच्या घरी मांडव पडला. वन्सं हळदीच्या आदल्या दिवशी तिकडे गेल्या, मला शेजारणीच्या भरवशावर ठेवून. हळदीच्या सकाळी मला जाणवलं की बाळ हलत नाही. थोडा वेळ वाट पाहिली. गोड खाल्लं, कुशीवर निजले, पोटावर हात ठेवून बोलले त्याच्याशी... शेजारीण आणि वन्संचे यजमान मला दवाखान्यात घेऊन गेले, गावी निरोप धाडला. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि माझ्याकडे न बघता त्या नर्सशी बोलायला लागल्या, तेव्हाच मी समजले. पुढचं मला फारसं आठवत नाही. ऑपरेशन करावं लागलं, भूल दिली होती.

शुद्धीवर आले तेव्हा दुपार होती. खिडकीतून ऊन येत होतं आणि पलंगाशेजारी वन्सं बसल्या होत्या. साडीला हळदीचे हात लागलेले, केसांत अक्षता. भावाला हळद लावता लावता उठून आल्या होत्या. त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. "सुधा, बाळ नाय राहिलं गो," म्हणाल्या. देवाची इच्छा म्हणाल्या नाहीत, पुढच्या वेळी होईल म्हणाल्या नाहीत. मी विचारलं, "कुठाय?" त्या म्हणाल्या, "अण्णा घेऊन गेले." अण्णा म्हणजे माझे सासरे. ह्यांना रजा लग्नाच्या दिवसाचीच होती, हे पहिल्या शिफ्टला गेले होते, निरोप मिळून पेणला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. आमच्या दोघांपैकी कुणीही आपलं पहिलं मूल पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी लग्न होतं. सासूबाईंचा निरोप आला की मांडवात बोलणं नको, लग्न आटपू दे, शालूला पाठवून द्या. वन्संनी निरोप घेऊन आलेल्या माणसाला दवाखान्याच्या पायरीवरच सांगितलं, "आईला म्हणावं लग्न होऊ दे, आनंदानं होऊ दे. मी हितनं हलणार नाय." सख्ख्या भावाच्या लग्नाला थोरली बहीण नाही, ही गोष्ट गावात पुढे कितीतरी दिवस चघळली गेली. मंगल, म्हणजे नवी जाऊ, तिला कुणी कारण सांगितलं नाही. तिला वाटलं नणंदेला आपण पसंत नाही. सासूबाईंनी तर वन्संशी बोलणंच टाकलं. आणि माझ्या बाळाचा विषय कुणी काढला नाही... लग्नाच्या फोटोंखाली तो दबून गेला. हेसुद्धा बोलले नाहीत. खोलीच्या कोपऱ्यात उभे राहून डोळे पुसायचे आणि शिफ्टला जायचे.

दीड-दोन वर्षं गेली असतील. गावच्या घरी सत्यनारायण होता. सासूबाईंनी लेकीला नुसतं "जेवून जा" म्हटलं, तेवढंच. पूजा उरकून वन्सं आणि मी कासू स्टेशनवर येऊन बसलो. त्यांना पेणकडे जायचं, मला रोह्याकडे. फलाटावर आम्ही दोघी, एक मीठवाली बाई आणि समोर पसरलेली भातखाचरं. वन्संच्या हातात पिशवी होती, पण सुया बाहेर काढल्या नव्हत्या. पिशवी मांडीवर घेऊन त्या म्हणाल्या, "मंगलला दिवस गेलेत. कळलं ना?"

"कळलं."

"मी विणू का गो? का नको?"

मला राग आला. "मला कशाला विचारता, वन्सं? तुम्ही आत्या आहात."

"तुलाच इचारणार. दुसऱ्या कुणाला इचारू? त्या दिसापासनं मी सुई धरली नाय."

हे मला माहीत नव्हतं. या बाईच्या हाताला इतके महिने लोकर लागलेली नाही, आणि ते मी पाहिलंसुद्धा नव्हतं. माझ्या तोंडून जे निघालं ते मी कित्येक महिने कुणाला तरी विचारायची वाट बघत होते. "वन्सं, कसं होतं हो माझं बाळ?"

तेवढ्यात पेणकडची गाडी आली. वन्सं उठल्या नाहीत. गाडी थांबली, मीठवाली बाई चढली, गाडी निघून गेली. मग वन्सं सांगायला लागल्या. मुलगा होता. जावळ दाट, काळंभोर, मानेपर्यंत आलेलं. कपाळ माझं. ओठ ह्यांचे, खालचा जरा जाड. हाताची बोटं लांब. "झोपलाय असंच वाटत व्हतं गो. मी दोनदा नाकाशी बोट धरलं..." नर्सनं त्याला दवाखान्याच्या कापडात गुंडाळून अण्णांकडे दिलं. वन्संनी त्याला परत आपल्याकडे घेतलं. त्या लग्नघरातून निघाल्या तेव्हा घाईत पिशवी तशीच कोपराला होती आणि पोपटी स्वेटर तिच्यात होता. एक बाही राहिली होती. वऱ्हांड्यातल्या बाकावर बसून त्यांनी सुया काढल्या.

"अण्णा म्हणाले, शाले, काय करतेस हे? चल, उशीर होतोय. मी म्हटलं, अण्णा, ही बाही होईपर्यंत थांबा. ते म्हणाले, आता काय उपयोग गो त्याचा? मी म्हटलं, उघडं न्यायचं नाय लेकराला. आपल्या घरचं हाय ते."

अण्णा, ज्यांच्यासमोर घरात कुणी आवाज चढवत नसे, ते बाही पुरी होईपर्यंत बाकाच्या टोकाला बसून राहिले. वन्सं म्हणाल्या, विणताना टाके दिसत नव्हते, नुसते बोटांनी चाचपून घेतले. मग त्यांनी त्याला स्वेटर घातला, बाह्या ओढून सारख्या केल्या आणि त्याला अण्णांच्या हातात दिलं. "घातल्यावर बेस दिसत व्हता गो. बाळासारका दिसत व्हता."

मी रडले. दवाखान्यात रडले नव्हते, घरी रडले नव्हते, ते कासूच्या फलाटावर वन्संच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. रोह्याची गाडी दूरवर दिसायला लागली तेव्हा मी तोंड पुसून म्हटलं, "मंगलसाठी विणा, वन्सं."

मंगलच्या मुलाच्या बारशाला वन्सं आत्या म्हणून स्वतः विणलेलं कुंची-टोपडं घेऊन आल्या. सासूबाई दारात उभ्या होत्या. "आलीस?" म्हणाल्या. "आले," वन्सं म्हणाल्या. आत जाताना सासूबाईंनी लेकीच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली, आणि तिथं ते भांडण संपलं. पाळण्यापाशी बाळ इकडून तिकडे द्यायची वेळ आली, तेव्हा माझे हात पुढे होईनात. वन्संनी माझ्या हातांखाली आपले हात धरले. बाळाचं वजन आम्ही दोघींनी मिळून पेललं. पुढे माझी प्राची झाली. तिच्या कानात नाव वन्संनीच सांगितलं. मग कुटुंब वाढतच गेलं. भाचे-पुतण्यांची लग्नं, त्यांची मुलं, कुणी पनवेलला, कुणी पुण्याला. प्रत्येक पाळण्यात वन्संचं काहीतरी असायचं. शेवटी शेवटी हात थरथरायला लागले. टाके सैल पडायचे, एक बाही लांब, एक आखूड. नव्या सुना तो स्वेटर बाळाला घालून फोटो काढत आणि काढून ठेवत. वन्संना ते कळत होतं. "फोटोपुरता का व्हयना, अंगाला लागला ना?" म्हणायच्या.

त्यांच्या जाण्याच्या पंधरवडाभर आधी मी भेटायला गेले होते. ओळखलं मला. "सुधा, जेवलीस?" एवढंच विचारलं आणि डोळे मिटले. गोधडीवर त्यांची दोन्ही हातांची बोटं हळूहळू हलत होती. टाका उचलायचा, धागा गुंडाळायचा, सोडायचा... मी बराच वेळ बघत बसले. त्यानंतर त्यांना जिवंत पाहिलं नाही.

तेराव्याला रामवाडीत माणसं मावत नव्हती. गिरणी केव्हाच बंद झालीय, त्या जागेत नितीननं गाळा काढलाय. पंगती उठल्यावर मी वन्संच्या खोलीत जाऊन बसले. खिडकीपाशी त्यांची वेताची खुर्ची, उजेड डाव्या खांद्यावरून यावा अशी तिरकी लावलेली. रूपालीनं झाडताना तिला हलवलं नव्हतं. एक मात्र सारखं मनात येत होतं. अण्णा गेले, वन्संचे यजमान गेले, आता वन्संही गेल्या. माझ्या मुलाचा चेहरा पाहिलेलं घरातलं माणूस या जगात कुणी उरलं नाही.

रूपाली चहा घेऊन आली. कप हातात देऊन ती तिथंच घुटमळली. "मामी, एक विचारू का? शेवटच्या आठवड्यात आई सारखं कुठल्या तरी बाळाविषयी बोलायच्या. त्याला घेऊन जाऊ नका, थांबा म्हणायच्या. मी ह्यांना विचारलं, त्यांना काही माहीत नाही. कोणाचं हो ते बाळ?"

बाहेर भांडी घासल्याचा आवाज येत होता. आमचे हे दारातच उभे होते, केव्हा आले कोण जाणे. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही, पण ते गेलेही नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते त्या गोष्टीपासून उठून गेले नाहीत.

"माझं," मी म्हटलं. "आमचं. पहिला मुलगा आमचा."

हे आत आले आणि पलंगाच्या कडेला बसले. रूपाली खाली सतरंजीवर बसली. वन्संच्या खुर्चीत मात्र कुणीच बसलं नाही. आणि मग त्यांच्या खोलीत, त्यांनी मला जसं सांगितलं होतं तसं, मी त्या दोघांना तो कसा दिसत होता ते सांगायला लागले.