माझ्या मॉडेलमधला लाल रंग

मी मलकापूरला राहते, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. पीएचडीसाठी मी कॉम्प्युटरवर बाळंतपण उभं केलं होतं. बाळाचं डोकं खाली सरकताना आईचे स्नायू कुठं किती ताणले जातात, ते त्या मॉडेलमध्ये दिसायचं. ताण कमी तिथं निळा रंग, जास्त तिथं लाल. लाल म्हणजे फाटलं असं नव्हे.

सांगलीतल्या एका डॉक्टरांनी विद्यार्थ्यांना दाखवायला म्हणून त्याचा व्हिडिओ मागितला. मी आनंदानं दिला.

पुढं आटपाडीला दिलेली माझी नणंद गरोदर राहिली. तपासणीला ती सांगलीच्या त्याच डॉक्टरांकडं जायची. एकदा मीही सोबत गेले. नर्सनं आम्हाला आतल्या खोलीत बसवलं आणि टीव्ही लावला. पडद्यावर माझंच मॉडेल होतं. निळा रंग मात्र पार गायब; सगळं लालभडक. आणि त्याला आवाज जोडलेला, बाईच्या किंचाळण्याचा.

"सिझर केलं की यातलं काही नाही," नर्स म्हणाली.

नणंदेनं पोटावर हात घट्ट धरले. "वहिनी, माझं असं हुनार हाय व्हय?"



तेवढ्यात डॉक्टर आले. मला ओळखून खूश झाले, कुणाच्या तरी बारशाचे पेढे पुढं केले. मला त्या बोटांकडं बघवेना.

"हा आवाज कुणी घातला?"

"पोरांनी केलंय एडिटिंग. समजावत बसावं लागत नाही, पेशंट लगेच तयार होतात." ते हसत होते. "तुमच्या कामाचा उपयोगच होतोय की, मॅडम."

"तिचे रिपोर्ट चांगले आहेत ना?"

"आहेत की."

"मग तिला हे कशाला दाखवलं?"

त्यांनी पेढ्यांचा बॉक्स नणंदेपुढं धरला. मी तिची फाइल उचलली. जिन्यात नणंदेला म्हटलं, "ते चित्र मी केलंय. ओरडणं त्यांनी घातलंय. खोटं आहे ते."

ती सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. चार टाके पडले, मुलगी झाली. तिथल्या डॉक्टरीणबाई प्रत्येक वेळी आधी सांगून मगच हात लावायच्या, हे ती अजून सांगते.

व्हिडिओ बंद करा म्हणून मी त्या डॉक्टरांना मेसेज केला. उत्तरादाखल हात जोडल्याचं चित्र आलं. मग मेडिकल कौन्सिलकडं लेखी तक्रार केली. तिचं काय झालं, कळलं नाही. नणंदेच्या दोन्ही जावा त्यांच्याकडेच जातात. म्हणतात, डॉक्टर लय गोड बोलत्यात.