जिभेचा रोजा

कलकत्त्यात, खिदिरपूरच्या आमच्या घरमालकीणबाईंइतकी गोडबोली बाई मी उभ्या हिंदुस्थानात पाहिली नाही, आणि इतकी शिवराळही पाहिली नाही. दुर्दैवानं आमची गाठ आधी गोडबोलीशी पडली. सत्तर सालाच्या आसपास मी पुण्याहून बदली होऊन गोदीवर नोकरीला आलो, तो महिना रमजानचा होता. पांढऱ्या ओढणीतल्या या ठेंगण्या विधवा बाईंना सगळी गल्ली 'खाला', म्हणजे मावशी, म्हणे. "घर अपना ही समझो बेटा," असं म्हणून त्यांनी किल्ली दिली. माझी बायको सुमती हिनं गळका नळ दाखवला, तरी त्या हसल्याच. असली घरमालकीण मिळाली म्हणून आम्ही नशिबाचे आभार मानले, ईदची शेवई खाऊन तृप्त झोपलो आणि दुसऱ्या सकाळी अंथरुणातच ताडकन उठून बसलो. खाला जिन्यात उभ्या राहून दूधवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. दूधवाला संपल्यावर झाडूवाला, मग मी. माझा गुन्हा एवढाच, की माझी सायकल जिन्याखाली होती. "ओ मराठी लाटसाहब, ये सीढ़ी है या तेरे बाप का अस्तबल?" सुमतीच्या हातातलं भांडं खाली पडलं. "अहो, ही तीच बाई?" एवढंच ती कशीबशी म्हणाली.

पुढच्या वर्षी रमजान दहा-अकरा दिवस अलीकडे सरकला. चाँद दिसला आणि जिना एकाएकी गप्प झाला. पहाट फुटायच्या आत काय खायचं ते खायचं, मग सूर्य बुडेपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. साबुदाण्याच्या खिचडीवर पोसलेल्या माझ्या एकादशीला ऐकूनच घेरी आली. "खाला, पाणीसुद्धा नाही?" मी विचारलं. "पानी तो आसान है बेटा. पेट का रोजा तो बकरी भी रख ले. जबान का रोजा रखके दिखाओ!" राग आला की त्या ओढणीचं टोक दातांत धरत आणि पुटपुटत, "रोजे से हूँ, वरना..." त्या 'वरना'च्या धाकानं दूधवाला महिनाभर निर्भेळ दूध घाली.

त्याच रमजानात एका दुपारी सुमतीला वेळेआधीच कळा सुरू झाल्या. मी रस्त्यावर धावलो. टॅक्सी थांबे, चालक "जाबो ना", म्हणजे येणार नाही, म्हणे आणि निघून जाई. एवढ्यात सुमतीला कवेत धरून खाला खाली आल्या. पुढच्या चालकानंही मान हलवली, आणि खालांनी ओढणी दातांतून सोडली. त्यानंतर जे बाहेर पडलं, ते मी गोदीवरच्या खलाशांकडूनही ऐकलेलं नाही. रस्ता थबकला, ट्राम थांबली असं मला वाटलं. चालकानं स्वतः उतरून दार उघडलं.

इस्पितळात मुलगी झाली, दोघीही सुखरूप. ते सांगायला मी धावत बाहेर आलो, तर खाला बाकावर हमसून रडत होत्या. "मेरा रोजा मैला हो गया," त्या म्हणाल्या. मशिदीतल्या मौलवींनी समजावलं, की रोजा तुटलेला नाही, अल्ला माफ करणारा आहे. पण खालांचं समाधान होईना.

ईद होऊन गेल्यावर एके दिवशी सुमतीनं त्यांना डिंकाचा लाडू दिला, तर त्यांनी हात मागे घेतला. "आज रोजा है. उस दिन के बदले का."

"पण ते तर तुम्ही माझ्यासाठी बोललात!"

"तो क्या हुआ? मुँह तो मेरा था."

संध्याकाळी अजान झाली, तेव्हा मुलीला छातीशी धरून तिनंच पाण्याचा पेला खालांच्या ओठांना लावला.

पुढे आमची बदली झाली. खाला गेल्याचं फार उशिरा कळलं. मुलगी आता कॉलेजात आहे. आपल्या जन्माची हकिगत ती पुन्हापुन्हा ऐकते. सुमती ती रंगवून सांगते, पण शिव्या तेवढ्या गाळते. मला मात्र त्या सगळ्या पाठ आहेत. कधी एकटा असताना त्या मनातल्या मनात म्हणू लागतो, आणि हसू फुटायच्या आतच इस्पितळाच्या बाकावर रडणाऱ्या खाला डोळ्यांसमोर येतात.